अलास्कात नव्याने येताय? आधी विचारा, तिथे रस्ता जातो का

वर्षातून तीन-चार फोन मला ठरलेले येतात. कुणाच्या तरी मावशीकडून नंबर मिळालेला असतो, नवऱ्याला नाहीतर बायकोला अलास्कात नोकरी लागलेली असते, आणि पहिला प्रश्न हमखास हाच, "ताई, थंडी किती असते हो?" थंडीचं सांगेनच मी, पण खरं सांगू का, थंडी हा इथला त्यातल्या त्यात सोपा विषय आहे, कपडे नीट घातले की निम्मं काम होतं. अवघड असतं ते अंतर. मी अँकरेजला आले तेव्हा पहिले सहा महिने माझं डोकं पुण्या-मुंबईच्या हिशोबानेच चालायचं, म्हणजे "जवळच आहे की, शनिवारी जाऊन येऊ" असं, आणि मग कळायचं की तिथे रस्ताच जात नाही. म्हणून दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढलं.

पायरी १: नकाशा नीट बघून घ्या

अमेरिकेच्या नकाशात अलास्का बिचारं खाली डावीकडे, हवाईच्या शेजारी, एका चौकटीत छोटं करून चिकटवलेलं असतं. त्यावर जाऊ नका. पाणी धरून याचं क्षेत्रफळ साधारण १७ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट, भारताच्या निम्म्याहून जास्त. आणि माणसं किती, तर २०२० च्या जनगणनेत ७,३३,३९१. एकट्या सोलापूर शहरात २०११ लाच साडेनऊ लाख लोक होते, म्हणजे बघा. त्यातले जवळजवळ चाळीस टक्के अँकरेजमध्ये. बाकी सगळी जमीन मोकळी, डोंगर, बर्फ, दलदल आणि लाखो तळी.

इतिहास दोन ओळीत. १८६७ साली अमेरिकेने हे रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतलं (ज्यांची ही जमीन हजारो वर्षं होती त्यांना कुणी विचारलं नाही, हे इथले मूळनिवासी अजून बोलून दाखवतात आणि बरोबरच आहे), आणि १९५९ च्या जानेवारीत हे ४९ वं राज्य झालं. तुमच्या सोसायटीतल्या एखाद्या आजोबांचं वय या राज्यापेक्षा जास्त असेल.

आता हे भाग लक्षात ठेवा, कारण "अलास्कात नोकरी लागली" या वाक्याला तसा काही अर्थ नाही, कुठल्या अलास्कात ते महत्त्वाचं. खाली कॅनडाला चिकटून लोंबणारी पट्टी ती साउथईस्ट, ज्युनो, सिटका, केचिकन, तिथे बर्फापेक्षा पाऊस जास्त, कोकणातला आषाढ थंड करून वर्षभर लावला तर जसं होईल तसं. मध्ये खाली अँकरेज आणि आसपास, ते साउथसेंट्रल, हवा बऱ्यापैकी सौम्य, जानेवारीत उणे दहाच्या आसपास. डोंगररांग ओलांडून वर फेअरबँक्स, तो इंटिरिअर, तिथे हिवाळ्यात उणे चाळीस आणि उन्हाळ्यात अधिक तीसही होतं. पश्चिमेला बेथेल, नोम वगैरे, आणि अगदी वर आर्क्टिक किनारा, उत्कियाग्विक, ज्याला २०१६ पर्यंत बॅरो म्हणायचे. खाली डावीकडे अल्यूशियन बेटांची शेपटी, ती इतकी लांब की थेट १८० रेखांशाच्या पलीकडे जाते.

पायरी २: रस्ता आहे का, हे नोकरी स्वीकारायच्या आधी विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. इथली बहुतेक गावं रस्त्याला जोडलेलीच नाहीत, आणि नुसती छोटी गावं नाही, राज्याची राजधानी ज्युनो, तिथेसुद्धा गाडीने जाता येत नाही, मागे बर्फाचं पठार आणि पुढे समुद्र, विमान नाहीतर बोट. राजधानीला रस्ता नाही हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करतेय.

जे रस्ते आहेत ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि लोक त्यांना नंबराने नाही, नावाने ओळखतात. सुवर्ड, ग्लेन, पार्क्स, रिचर्डसन, स्टर्लिंग. तुम्ही "रूट वन" म्हणालात तर समोरचा तोंडाकडे बघत बसेल. पार्क्स हायवे डेनाली नॅशनल पार्कवरून जातो म्हणून सगळ्यांना वाटतं पार्कवरून नाव पडलं, पण ते जॉर्ज पार्क्स नावाच्या गव्हर्नरचं नाव आहे. अँकरेजहून फेअरबँक्स याच रस्त्याने साधारण ५८० किलोमीटर, मुंबई-गोव्याएवढं धरा, फक्त वाटेत वडापावची गाडी नाही, मोबाईलला मध्येमध्ये रेंज नाही, आणि पेट्रोल दिसलं की भरायचं, "पुढे भरू" असं कधीच म्हणायचं नाही. फेअरबँक्सच्या वर डाल्टन हायवे लागतो, तेलाच्या पाइपलाइनच्या कडेने आर्क्टिक किनाऱ्याजवळच्या डेडहॉर्सपर्यंत जातो, ६६६ किलोमीटर, बराचसा खडीचा, आणि शेवटच्या टप्प्यात कोल्डफूटनंतर जवळजवळ ३८५ किलोमीटर ना पंप ना हॉटेल. भाड्याची गाडी घेऊन जायच्या आधी करार वाचा, बऱ्याच कंपन्या तिकडे न्यायला देतच नाहीत.

रस्त्याचा एक नियमही सांगून ठेवते, तुमच्या मागे पाच गाड्या साठल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, हा शिष्टाचार नाही, कायदा आहे. डोंगर बघत रमतगमत चालवणाऱ्या आपल्या लोकांना पोलिसांनी थांबवलेलं मी पाहिलंय.

रस्ता नाही तिथे छोटी विमानं. सहा-आठ सीटचं विमान, आणि चढायच्या आधी काउंटरवरची बाई सगळ्यांसमोर तुमचं वजन विचारते, वजनावर कुणी कुठे बसायचं ते ठरतं. लाजून पाच किलो कमी सांगू नका, तिथे अंदाजाला जागा नाही. आणि धुकं आलं, वारा सुटला की विमान नाही. आज नाही, कदाचित उद्याही नाही. गावाकडे जाताना एका दिवसाच्या कामासाठी तीन दिवसांचे कपडे, औषधं आणि थोडं खायला घेऊन जा, शाळेच्या जिममध्ये झोपायची वेळ येते कधीकधी. बेथेलला तर हिवाळ्यात कुस्कोक्विम नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या चालतात, बर्फ बाजूला सारून रस्ता करतात, तेवढे महिने आसपासच्या गावांना "रस्ता" मिळतो. वसंतात तोही वितळतो.

पायरी ३: यायचं कसं, आणि एक व्हिसाचा घोळ

सिॲटलहून विमानाने साडेतीन तास, संपलं. बहुतेक जण असेच येतात. पण अमेरिकेतच दुसरीकडून शिफ्ट होत असाल तर गाडी आणायचा मोह होतो, आणि प्रवास सुंदर आहे यात वाद नाही, सिॲटल ते अँकरेज साधारण ३,६०० किलोमीटर. पण यातला बहुतेक रस्ता कॅनडातून जातो! भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेतून अमेरिकेतच चाललोय हे बॉर्डरवर कुणी ऐकून घेत नाही. आणि परत अमेरिकेत शिरताना तुमचा अमेरिकन व्हिसा, कागदपत्रं चालू आहेत ना तेही आधीच बघा. एक ओळखीचं जोडपं सगळं सामान गाडीत भरून निघायच्या दोन दिवस आधी हे शोधून काढून बसलं होतं, शेवटी गाडी जहाजाने पाठवली आणि स्वतः विमानाने आले.

दुसरा मार्ग फेरीचा. अलास्का मरीन हायवे म्हणून सरकारी बोटी आहेत, १९६३ पासून चालू, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून साउथईस्टपर्यंत येतात, गाडीसकट. डेकवर तंबू टाकून लोक झोपतात. पण साउथईस्टमधल्या हेन्सला उतरून अँकरेजला गाडीने यायचं तरी पुन्हा कॅनडा लागतोच, तेव्हा व्हिसा चुकत नाही. बुकिंग काही महिने आधी.

कधी यावं? माझं मत विचाराल तर राहायला या मे अखेरीस, हिवाळ्याच्या तयारीला चार महिने मिळतात. पण नोकरी घ्यायची की नाही हे ठरवायला बघायला येणार असाल तर मात्र जुलैत येऊ नका. जुलैत सगळेच भुलतात. नोव्हेंबरात या, चार दिवस राहा, दुपारी साडेचारला अंधार झाला की मग काय वाटतं ते बघा.

पायरी ४: घर

अँकरेजमध्ये नेहमीसारखी घरं, गॅसवर चालणारं हीटिंग. फक्त दोन गोष्टी बघा. एक, बाहेरच्या दाराच्या आत आणखी एक छोटी खोली आणि मग दुसरं दार, याला आर्क्टिक एंट्री म्हणतात, तिथे बूट-जॅकेट काढायचं, थंड हवा घरात शिरत नाही. बूट बाहेर काढणं आपल्याला शिकवावं लागत नाही, या एका बाबतीत आपण पहिल्या दिवसापासून अलास्कन. दुसरं, भूकंप. २७ मार्च १९६४ ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, इथे ९.२ चा भूकंप झाला, यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत जगात दुसऱ्या नंबरचा. तेव्हापासून बांधकामाचे नियम कडक आहेत. २०१८ च्या ३० नोव्हेंबरला ७.१ चा झाला, सकाळी, मी स्वयंपाकघरात होते, डब्यांचं अख्खं शेल्फ खाली आलं, डाळ-तांदूळ-काचा सगळा काला, पण संपूर्ण शहरात एकही माणूस दगावला नाही. किल्लारी लहानपणी ऐकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तर कपाटं भिंतीला ठोकून घ्या, पाण्याचा हीटर पट्ट्याने बांधून घ्या, आणि लोणच्याच्या बरण्या खालच्या फळीवर.

फेअरबँक्सला जाणार असाल तर "ड्राय केबिन" हा शब्द शिका. म्हणजे लाकडी घर, वीज आहे, हीटर आहे, इंटरनेटसुद्धा आहे, नळ नाही. जमिनीखाली पर्माफ्रॉस्ट, कायम गोठलेली माती, त्यामुळे विहीर आणि सेप्टिक टँक करणं महाग पडतं किंवा जमतच नाही, म्हणून लोक पाण्याच्या स्टेशनवर जाऊन कॅन भरून आणतात, अंघोळ युनिव्हर्सिटीत नाहीतर लाँड्रीत, आणि संडास अंगणात. भाडं कमी म्हणून विद्यार्थी हौसेने राहतात. टँकरची वाट बघत वाढलेल्या लातूर-बीडच्या पोरांना याचं कौतुक वाटणार नाही, पण उणे चाळीसमध्ये अंगणात जायचं म्हणजे वेगळीच परीक्षा आहे, त्यावरची युक्ती अशी की सीट निळ्या थर्माकोलसारख्या फोमची असते, तो फोम बसल्याबसल्या गरम लागतो. हसू नका, पहिल्या दिवशी आभार मानाल.

आणि फेअरबँक्सला घर विकत घेणार असाल तर खिशात एक गोटी ठेवा. फरशीवर सोडा. गडगडत भिंतीला गेली तर खालचा पर्माफ्रॉस्ट वितळतोय का हे विचारायचं, मग किमतीचं बोलायचं.

पायरी ५: पहिल्या हिवाळ्याची तयारी

सप्टेंबरात एके सकाळी डोंगरमाथ्यावर साखर भुरभुरल्यासारखा बर्फ दिसतो, त्याला टर्मिनेशन डस्ट म्हणतात, म्हणजे उन्हाळी कामं संपली. त्याच्या आधी फायरवीड नावाच्या जांभळट गुलाबी फुलांकडे लक्ष ठेवा, ती खालून वर फुलत जातात, आणि टोकाला पोचली की उन्हाळा संपला असं इथले लोक मानतात. आपल्या पावशासारखंच झालं हे.

गाडीला टायर बदलणं पहिलं काम. खिळ्यांचे, म्हणजे स्टडेड टायर, अँकरेजकडे सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंतच लावायला परवानगी आहे. पहिला बर्फ पडल्यावर टायरच्या दुकानात जाल तर रांग बघून रडायला येईल, आधीच अपॉइंटमेंट घ्या. फेअरबँक्सला असाल तर ब्लॉक हीटर लागतोच, इंजिन गरम ठेवणारं यंत्र, त्याची वायर गाडीच्या पुढून बाहेर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये प्रत्येक जागेला प्लग असतो. गाडी मोबाईलसारखी चार्जिंगला लावतात. उणे चाळीसला (इथे सेल्सियस की फॅरेनहाइट विचारायची गरज नाही, दोन्ही सारखंच) रात्रभर उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात आणि पहिला किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखा ठक ठक ठक जातो. डिक्कीत कायम फावडं, स्लीपिंग बॅग, टॉर्च, जंपर केबल, थोडं खाणं.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच जाडजूड महागडं जॅकेट. त्यापेक्षा थर करा, आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग थंडी वाजते. पण अँकरेजमध्ये थंडीपेक्षा जास्त माणसं घसरून पडतात, कारण मध्येच बर्फ वितळतो आणि परत गोठून काच होतो. बुटाला लावायचे काटे, आइस क्लीट्स, तीस-चाळीस डॉलरला मिळतात, ते घ्या, आणि बदकासारखं छोटी पावलं टाकत चाला. मी नाही घेतले. मनगटाला प्लास्टर घालून पहिली दिवाळी केली, चकलीचा सोऱ्या नवऱ्याने फिरवला.

मुलं असतील तर हे वाचून दचकाल. अँकरेजच्या शाळा उणे दहा फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे उणे २३ सेल्सियसपर्यंत, मुलांना मधल्या सुट्टीत बाहेरच खेळायला पाठवतात. तक्रार करायला जाऊ नका, मुलं मजेत असतात, स्नो पँट आणि दोन जोड्या हातमोजे द्या, एक जोडी रोज हरवते.

पायरी ६: अंधार आणि उजेड

डिसेंबरच्या २१ तारखेला अँकरेजमध्ये दिवस साडेपाच तासांचा, फेअरबँक्सला पावणेचार तासांचाही नाही, आणि उत्कियाग्विकला नोव्हेंबरच्या मध्यानंतर बुडालेला सूर्य जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उगवतच नाही. पहिल्या वर्षी लोकांना वाटतं आपल्याला काही होणार नाही. होतं. झोप येत राहते, चिडचिड होते, वरणभात आणि गोड खावंसं वाटतं. डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी चालू करा, टेबलावर ठेवायचा प्रखर दिवा मिळतो, हॅपी लाइट म्हणतात, सकाळी चहा पिताना त्याच्यासमोर बसा, आणि दुपारी उजेड असेल तेव्हा ऑफिसातून पंधरा मिनिटं बाहेर पडाच. फेब्रुवारीनंतर दिवस दररोज पाच-साडेपाच मिनिटांनी वाढतो, ते अक्षरशः डोळ्यांना दिसतं.

उन्हाळ्यात उलटं. अँकरेजला १९ तासांच्या वर दिवस, आणि उरलेल्या वेळातही काळोख असा होतच नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे, पैसे नसतील तर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, खूप लोक तेच करतात. रात्री अकराला शेजारी गवत कापत असतो, त्याला वेड लागलेलं नसतं.

नॉर्दर्न लाइट्स उन्हाळ्यात दिसत नाहीत, आकाशच काळं होत नाही ना. ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, आणि अँकरेजपेक्षा फेअरबँक्सला जास्त भरवशाचे. भारतातून नातेवाईक मेच्या सुट्टीत येऊन "ते हिरवे दिवे कुठेत" विचारतात, त्यांना तिकीट काढायच्या आधीच सांगा.

ध्रुवतारा मात्र बघा. पुण्यात तो क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर, इमारतींमागे लपलेला असतो. अँकरेजला ६१ अंशांवर, मान चांगली मागे टाकावी लागते. राज्याच्या झेंड्यावरही निळ्या कापडावर सप्तर्षी आणि ध्रुवच आहेत, १९२७ मध्ये बेनी बेन्सन नावाच्या एका मूळनिवासी शाळकरी मुलाने तो झेंडा काढला होता.

पायरी ७: मूस, अस्वल, चिखल

अस्वलाची सगळ्यांना भीती, पण अंगणात येतो तो मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण. घोड्याहून उंच, मोठा नर सहाशे-सातशे किलोचा, अगदी शहरातसुद्धा, बसस्टॉपवर, शाळेच्या दारात. गरीब दिसतो म्हणून गाजर द्यायला जाऊ नका, खायला घालणं बेकायदा आहे, आणि पिल्लू बरोबर असलं की आई कुणाचं ऐकत नाही. कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले की समजायचं. मूस अंगावर आला तर पळा आणि झाडाच्या नाहीतर गाडीच्या मागे जा. अस्वल आलं तर मात्र पळू नका, शांत बोलत हळूहळू मागे सरका. हे दोन्ही उलटसुलट करू नका म्हणजे झालं.

जंगलात चालताना आवाज करत चालायचं, अचानक समोरासमोर यायला नको म्हणून. इथले लोक "हे बेअर, हे बेअर" ओरडतात, मी मराठीत भाजीचे भाव ओरडत जाते, अस्वलाला काय फरक पडतो. बेअर स्प्रे जवळ ठेवा, पण तो विमानात चेक-इन बॅगेतही चालत नाही, इथेच विकत घ्या. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही, गाडी येते त्या सकाळीच.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. अँकरेजच्या बाजूला टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीचा किनारा ओहोटीला सपाट, चालायला बोलावतोय असा दिसतो. तो हिमनद्यांनी आणलेल्या बारीक पिठासारख्या मातीचा चिखल आहे, पाय रुतला की धरून ठेवतो, आणि भरती इथे नऊ मीटरच्या वर चढते, वेगाने. माणसं गेली आहेत यात. वरून, रस्त्यावरूनच बघा.

पायरी ८: बोली आणि माणसं

"आउटसाइड" म्हणजे अलास्काच्या बाहेर कुठेही. "लोअर फोर्टी-एट" म्हणजे बाकी अमेरिका. बर्फावरच्या मोटारसायकलला स्नोमोबिल नाही, "स्नोमशीन" म्हणायचं, चुकलात की लगेच कळतं तुम्ही "चीचाको" आहात, म्हणजे नवखे. जुना मुरलेला माणूस तो "सावरडो". "बुश" म्हणजे रस्ता नसलेला मुलूख. "स्लोप" म्हणजे उत्तरेची तेलक्षेत्रं, तिथे लोक दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी असे विमानाने जातात-येतात. आणि "ब्रेकअप" झालं असं शेजारीण एप्रिलमध्ये म्हणाली तर सांत्वन करायला जाऊ नका, नदीवरचा बर्फ फुटण्याच्या मोसमाला म्हणतात ते.

इनुपियाक, युपिक, अथाबास्कन, क्लिंगिट, हैडा, उनांगान असे कितीतरी समाज इथे आहेत, आणि २०१४ मध्ये राज्याने २० मूळ भाषांना इंग्रजीबरोबर अधिकृत दर्जा दिला. "एस्किमो" हा शब्द वापरू नका, ज्या समाजाचा माणूस आहे त्या समाजाचं नाव विचारा, आनंदाने सांगतात. आइयाक भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची बाई, मारी स्मिथ जोन्स, २००८ मध्ये गेली. गावात पाहुणे म्हणून गेलात तर व्हेल किंवा सीलचं मांस पुढे येईल, शाकाहारी असाल तर नम्रपणे सांगा, पण नाक मुरडू नका. त्यांच्यासाठी ते पोटापाण्याचं आहे, हौस नाही.

आपली माणसं कमी पण आहेत. अँकरेजमध्ये गणपतीचं छोटं मंदिर आहे. आणि आई-बाबांना फोन करायचं गणित, हिवाळ्यात भारत साडेचौदा तास पुढे, उन्हाळ्यात साडेतेरा. इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ नाहीतर साडेआठ, दोघांचाही चहा जवळच असतो, उत्तम वेळ.

पायरी ९: पैसे, किराणा, मासे

राज्याचा इन्कम टॅक्स नाही, राज्याचा सेल्स टॅक्सही नाही, पण गावं आपापला लावू शकतात, ज्युनोत ५ टक्के आहे, अँकरेजमध्ये नाही. केंद्राचा टॅक्स भरायचाच आहे, उगाच खूश होऊ नका.

आणि पीएफडी. हा आपला पीएफ नाही. तेलाच्या उत्पन्नातून १९७६ मध्ये राज्याने एक कायमचा निधी काढला आणि १९८२ पासून त्यातून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला, लहान बाळालासुद्धा, पैसे मिळतात. २०२२ ला ३,२८४ डॉलर, २०२३ ला १,३१२, २०२४ ला १,७०२, म्हणजे भरवशाचा आकडा नाही. अट अशी की अर्ज करायच्या आधीचं पूर्ण कॅलेंडर वर्ष तुम्ही इथले रहिवासी हवेत. ५ जानेवारीला आलात तर ते अख्खं वर्ष मोजत नाहीत, म्हणजे चार दिवसांसाठी एक वर्ष जातं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारासच यायचं असेल आणि तारीख तुमच्या हातात असेल तर डिसेंबरातच या. अर्ज १ जानेवारी ते ३१ मार्च. व्हिसावर असाल तर तुमचा प्रकार नियमात बसतो का ते अर्ज भरायच्या आधी तपासा.

किराणा महाग, कारण जवळजवळ सगळं बोटीने सिॲटलजवळच्या टॅकोमाहून येतं. ऑनलाइन मागवताना शेवटच्या पानावर "अलास्का आणि हवाईला पाठवत नाही" हे वाक्य भेटायची सवय करा. हिंग, गोडा मसाला, कोकम, चांगले पोहे हे सिॲटलहून येताना भरून आणा, मी रिकामी बॅग नेते आणि भरलेली आणते, विमानात निम्मे लोक तेच करतात, फक्त त्यांच्या खोक्यांत परतीला गोठवलेले मासे असतात.

मासे खात असाल तर मग मात्र राज्य तुमचं. बारा महिने राहिलात की रहिवाशाचं लायसन्स मिळतं, आणि मग जुलैत केनाई नदीच्या मुखाशी डिपनेटिंगला जायचं, जे फक्त रहिवाशांनाच करता येतं. लांब दांड्याचं मोठं गोल जाळं घेऊन छातीभर गार पाण्यात उभं राहायचं, जाळ्याला धक्का बसला की ओढत किनाऱ्याकडे पळायचं. कुटुंबप्रमुखाला २५ मासे आणि घरातल्या पुढच्या प्रत्येक माणसामागे १०. सॉकआय सामन, लालभडक. मालवणी मसाल्यात आधी जरा बिचकत केला होता, आता घरात दुसरा कुठला मासा चालत नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये आडवा डीप फ्रीझर हवा, तो पहिल्या उन्हाळ्यातच घ्या, जुलैत सगळे एकदम घेतात.

रस्त्यापासून लांब राहणार असाल तर एअर ॲम्ब्युलन्सची मेंबरशिप पहिल्याच आठवड्यात काढून टाका, आजारी पडल्यावर विमानाचं बिल बघण्यापेक्षा ते बरं.

पायरी १०: नेनानाचं तिकीट

हे काम नाही, पण हे केल्याशिवाय पहिलं वर्ष पूर्ण होत नाही. फेअरबँक्सच्या अलीकडे नेनाना गावात नदीच्या बर्फावर लाकडी तिवई उभी करतात, ती दोरीने किनाऱ्यावरच्या घड्याळाला जोडलेली असते. बर्फ फुटून तिवई सरकली की घड्याळ थांबतं. कुठल्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, हे ओळखायचं. १९१७ मध्ये रेल्वेच्या इंजिनिअरांनी कंटाळून आपसात ८०० डॉलरची पैज लावली, ती अजून चालू आहे. सगळ्यात लवकर बर्फ फुटला १४ एप्रिलला, २०१९ साली, आणि सगळ्यात उशिरा २० मेला, १९६४ आणि २०१३ मध्ये. तिकिटं एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच मिळतात, राज्यभर दुकानात लाल डबे ठेवलेले असतात. मी दरवर्षी आईच्या वाढदिवसाची तारीख टाकते, २९ एप्रिल, दुपारी तीन. अजून लागलेलं नाही.